अंगठ्याचं मशीन

बेंबळीत माझं ऑनलाइन कामांचं दुकान होतं. अख्ख्या मराठवाड्यात माझ्याएवढा हुशार माणूस न्हाय, असं मीच सगळ्यांना सांगायचो. त्याच हुशारीत मी कॉम्प्युटर फॉरमॅट मारला आणि अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर उडाला. नेमकी तेव्हाच एक म्हातारी निराधार योजनेच्या पगारीसाठी हयातीचा दाखला काढायला आली. मुदतीला एकच दिवस उरला होता. ड्रायव्हर न्हाय म्हणायची मला लाज वाटली.

"मावशी, तुमचा अंगठाच झिजलाय. चांगला घासून धुवा आन् उद्या या."

"खुरपं धरून झिजला आसंल बाबा," म्हणत ती गेली.

मग मी निम्मं इंटरनेट उपसलं. चार ड्रायव्हर भलत्याच मशीनचे निघाले, पाचव्यानं व्हायरस आणला. शेवटी मशीन उलटं करून मागचा मॉडेल नंबर वाचला आणि पाच मिनिटांत मशीन चालू होऊन त्याचा लाल दिवा लागला.

सकाळी म्हातारी आली. राखेनं, पाय घासायच्या वजरीनं घासून तिनं अंगठ्याची सालटं काढली होती. मशीन त्याला ओळखेना. आजवर मारलेल्या हजार थापांत खरी ठरली ती एवढीच.

"तू बरोबरच म्हणला हुतास बाबा. आंगठ्यातच खोट हाय."

मी मान डोलावली.