आखाजीआधी बॉडी पाहिजे

सायकलच्या दुकानात सुटे नटबोल्ट डब्यात साठत जातात, तसे माझ्या फजितीचे किस्से लोणखेड्याच्या चहाच्या टपरीवर साठले आहेत. मी फारसा बोलत नाही, म्हणून ते दुसरेच सांगतात. म्हटलं, एकदा आपणच सांगावेत. निदान तिखटमीठ तरी कमी पडेल.

मी वामन पंक्चरवाला. शहाद्याच्या स्टुडिओवाल्यानं डिजिटल घेतला, तेव्हा त्याचा जुना रोलचा कॅमेरा माझ्याकडे आला. वर्षभर काहीबाही फोटो काढतो, पण खरा फोटो एकच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी मंगल विसरवाडीहून माहेरी येते, दारच्या निंबाच्या झोक्यावर बसते, आणि मी तिचा फोटो काढतो. फ्रॉकातली मंगल, शालूतली मंगल, मांडीवर लेकरू घेतलेली मंगल, अशी ओळ घरात भिंतीवर आहे. मोबाइलवर काढा म्हणतात सगळे. मंगल म्हणते, मोबाइलमधला फोटो नंतर कुठे जातो ते कळत नाही.

यंदा आखाजीच्या तोंडावर कॅमेऱ्यातला आरसा अडकायला लागला. जन्मभर मी अडकलेल्या प्रत्येक वस्तूला एकच औषध दिलं. तेच दिलं. सायकलच्या तेलाचे दोन थेंब! आरसा सुटला, पण तेल आतल्या पडद्यावर उतरलं आणि पडदा कायमचा चिकटला. स्टुडिओवाल्यानं कॅमेरा नाकाशी धरला.

"वामनभाऊ, हवा पण भरली का?"

भिंग शाबूत होतं. त्याला जोडायला फक्त दुसरी बॉडी पाहिजे होती, म्हणजे कॅमेऱ्याचं नुसतं धड.

टपरीवरचे माझे मित्र पारसशेठ कापडवाले. ते म्हणाले, माल पारखायचा तर मला सोबत ने. आम्ही रेल्वेनं सुरतेला गेलो. दुकानात शेठनी बॉडी चिमटीत धरून चोळली, दारात उन्हाला नेऊन पाहिली आणि विचारलं, "रंग जाणार नाही ना?"

दुकानदार हात जोडून म्हणाला, "शेठ, कॅमेरा धुवायचा नसतो."

मी खाली बघत राहिलो. कारण तोच प्रश्न माझ्याही मनात होता.

आणखी चार दुकानं बघू म्हणता म्हणता गाडीची वेळ झाली. छत्तीस फोटोंचा एक रोल तेवढा घेऊन परतलो.

मग हिंमतभाईंनी मनावर घेतलं. ते गुजर, तापीकाठी त्यांच्या केळीच्या बागा. पुतण्याकडून मोबाइलवर त्यांनी एक बॉडी मागवली. हातावर तोलून म्हणाले, "वजनदार शे. माल चांगला शे." पण कंपनी निराळी निघाली आणि माझं भिंग काही तिच्यावर बसेना. हिंमतभाई म्हणाले, "थोडं घासी टाक."

सांगायला लाज वाटते, पण मी कानस उचलली होती. बायकोनं ती मुकाट्यानं माझ्या हातातून घेतली. आखाजी होईपर्यंत ती पिठाच्या डब्यात होती.

शेवटी स्टुडिओवाल्याच्याच माळ्यावर माझ्या कंपनीची एक बॉडी सापडली. भिंग टक्कन बसलं. रोल एकच, तो मी आखाजीसाठी राखून ठेवला आणि हात बसावा म्हणून रिकामाच कॅमेरा टपरीवर खटखट वाजवू लागलो. तर समोरचा माणूस टोपी सारखी करून बसला. त्याच्यामागून दुसरा. चहावाल्या सखूबाईंनी पातेलं उतरवलं, केस विंचरून आल्या आणि हसल्या. रोल नाही, हे शब्द काही माझ्या तोंडून निघेनात. चार-पाच दिवसांत निम्मा गाव काढून झाला!

सखूबाई रोज विचारायच्या, "वामनदादा, मन्हा फोटो?"

मी म्हणायचो, "रोल संपायचाय."

खोटं नव्हतं. फक्त तो सुरूही व्हायचा होता.

आखाजीच्या सकाळी मात्र ती लाज सोसवेना. रोल भरला आणि टपरीवर गेलो. म्हटलं, आधीचे नीट आले नाहीत, पुन्हा बसा. सखूबाईंचा काढला. टोपीवाल्याचा काढला. ज्यांचे आधी काढले नव्हते, तेही नवे कपडे घालून आले. एकालाही नाही म्हणता आलं नाही. दुपारी घराकडे निघताना रोल पुढे सरकवायचा खटका ओढून पाहिला, तर तो जागचा हलेना. रोल संपला होता.

मंगल आली. पाणी प्यायली आणि दरवर्षीसारखी सरळ झोक्यावर जाऊन बसली. पदर सारखा केला. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि तसाच उभा राहिलो.

"आबा, काय व्हयनं?"

"रोल सरी गया, बेटा."

तिनं झोका पायानं थांबवला. माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी दोऱ्या घट्ट धरल्या.

"मी बठेल शे ना. काढ."

बटण दाबलं. ते दबेना. मग मी तोंडानंच आवाज केला, "खट्."

मंगल म्हणाली, "मन्हा डोया मिटाई गयात, आबा. आखो एक काढ."