बोंबलांची दोरी आणि माझा उजवा हात

"सून बरी हाय गो, पण तिचा हात वर होत न्हाय."

नवऱ्याच्या आत्यांनी ओट्यावर बसून हे माझ्या सासूबाईंना हळूच सांगितलं. उरणच्या आमच्या कोळीवाड्यात हळू म्हणजे जेटीवर ऐकू जाईल इतकं. मी तर आतच होते.

हळद उतरते न उतरते तोच उजव्या काखेत गाठ लागली. ऑपरेशन झालं, तिथल्या गाठी काढल्या, रिपोर्ट चांगला आला. हात तेवढा वर यायचा राहिला. खांद्यावर नेला की काखेतून कोपरापर्यंत कुणीतरी आतून दोरी ओढायचं. आणि घरात एक हात अडला की किस्से साचतात, जाळ्यात कचरा साचावा तसे.

*

फिजिओ बाई म्हणाल्या, भिंतीवर बोटं चालवत वर न्या, पोचाल तिथे पेन्सिलीची खूण करा. भिंतीला लग्नाचा नवा रंग. सासूबाई रोज खूण पुसायच्या, मी रोज पुन्हा अंदाजाने सुरू. मग मी खुणेच्या जागी टिकली लावली. नव्या सुनेची टिकली पुसणार कोण? आता भिंतीवर टिकल्यांची शिडी आहे. सासूबाई तिच्या बाजूने फडकं फिरवतात.

*

उजव्या हातात घट्ट काही घालायचं नाही, हेही सांगितलं होतं. पण नव्या नवरीचा हात मोकळा कसा ठेवायचा? सासूबाईंनी तोड काढली. उजव्याचा हिरवा चुडाही डाव्या हातात चढवला, पार कोपरापर्यंत.

आता माझे दोन्ही हात वर होईनात.

*

रात्री काखेखाली उशी घेतली की आराम पडायचा. एका सकाळी आत्या चादरी काढायला खोलीत आल्या आणि पलंगाच्या मधोमध उशी बघून तशाच परत फिरल्या. नवरा पोर्टातून ड्युटी करून आला, तर त्याला दारातच धरलं, "काय केलंस रे? पाया पड तिच्या."

बिचाऱ्याने कारण न विचारता मला सॉरी म्हटलं. मी माफ केलं. आयती आलेली माफी सोडायची कशाला?

*

मला हात वर न्यायचा होता, आणि घर खाली येत होतं. सासूबाईंनी मसाल्याचे डबे खाली आणले, चहासाखर खाली, देवाची काडेपेटीसुद्धा खाली. वाकून वाकून शेवटी सासूबाईंचीच कंबर धरली. मला मात्र कुठे हात लांबवायची सोयच उरली नाही. दिवसभर नुसती या खोलीतून त्या खोलीत.

*

मग बोंबील आले. ते सुकवायची अंगणातली दोरी डोक्याच्या वर असते. सासूबाईंनी ती माझ्यासाठी कमरेइतकी खाली बांधली. दुपारपर्यंत गल्लीतली सगळी मांजरं जेवून गेली. आत्या म्हणाल्या, "सुनेसाठी बांधलीस का मांजरांसाठी?"

सासूबाई रिकामी दोरी चाचपायला लागल्या. मी उठले. बोंबलाचा दात लागू नये म्हणून भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले, दोरी सोडली आणि नवऱ्याला स्टुलावर चढवून ती आधी होती तिथेच वर बांधायला लावली. टोपलीत उरलेल्या दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवली आणि उजवा हात वर नेला. काखेतली दोरी ताणली. थांबले, श्वास सोडला, आणखी थोडा नेला. जोडी दोरीवर बसली.

मी आत्यांकडे वळले.

"आत्या, आता ओट्यावर जाऊन हे पण सांगा. तसंच, हळू."