जवाब नाही आला तर

सबनीस साहेब टाकीत शिरले की मला बाहेर उभं करत आणि हातात हातोडी देत. "दर पाच मिनिटांनी दोन ठोके मारायचे. मी आतून दोन देईन. जवाब नाही आला तर विचार करत बसायचं नाही. बोंब मारायची, माणसं गोळा करायची. समजलं का, पंडित?" मी कुलकर्णी, पण ज्याला काही येत नाही त्याला ते पंडित म्हणत.

माणूस उज्जैनचा, त्यामुळे मराठीत चिमूटभर हिंदी असायचीच. भोपाळच्या आमच्या कारखान्यात दुरुस्तीला येणाऱ्या दाबाच्या टाक्यांची झीज मोजणं हे त्यांचं काम. बाहेरून रंग चकाचक, आतून वाफेने पत्रा खाल्लेला. साहेब आत खडूने चौकोन आखत, एकेकाची जाडी ओरडून सांगत आणि मी वहीत उतरवत असे. वेल्डर घाईने खड्डे बुजवायला लागला की भडकत. "अरे भाई, सडक्या दातावर सोनं चढवतोस? चांगलं लोखंड लागेपर्यंत घास, मग भर!"

बरखेड्याच्या कॉलनीत साहेबांच्या आणि आमच्या क्वार्टरांची भिंत एकच होती. सबनीस वहिनी वारल्या, मूलबाळ नव्हतं. महिनाभराने एका सकाळी सहाला भिंतीवर दोन ठोके पडले. माझ्या बायकोने हसत लाटण्याने दोन परत दिले. तेव्हापासून रोजचाच तो कारभार. ते कुणाकडे जात नसत, त्यांच्याकडे कुणी येत नसे. बिचाऱ्यांचं घरातलं बोलणं तेवढंच.

मग मंडीदीपहून एक टाकी आली. तोंडाशी पत्रा निम्माच उरला होता. मॅनेजर म्हणाले, वरवर भरा आणि पाठवा. साहेबांनी सही नाकारली. सगळ्यांसमोर म्हणाले, "आकडे कुलकर्णीने लिहिलेत, विचारा त्याला." माझं प्रमोशन तोंडावर आलं होतं. मी म्हणालो, "आतला आवाज नीट ऐकू येत नव्हता, सर." शेवटी फेरमोजणी झाली. आकडे तेच निघाले, तोंडाभोवतीचा सगळा पट्टा घासून नव्याने भरावा लागला. मला मात्र तोंड दाखवायला जागा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला ठोके पडले. मी बायकोच्या हातातलं लाटणं काढून घेतलं. पाच मिनिटांत साहेब दारात, एकाच पायात चप्पल, धापा टाकत. "जवाब नाही आला. सब ठीक ना?"

"ठीक आहे, साहेब."

"बस, मग झालं," म्हणाले आणि वळले. माफी मागायची ती तेव्हाच मागायला हवी होती. मी आपला उद्या, परवा करत राहिलो.

थंडीतल्या एका रविवारी ठोके पडले नाहीत. बायको म्हणाली, "अहो, बघून या ना." मी म्हणालो, "झोपू दे गं म्हाताऱ्याला, सुट्टी आहे." पिशव्या घेऊन बिट्टन मार्केटला गेलो, घासाघीस करून मटार घेतले. परतलो तर त्यांच्या दारात दुधाची पिशवी तशीच पडलेली. दार फोडावं लागलं.

साहेब भिंतीजवळ पडले होते. डॉक्टर म्हणाले, पहाटे कोसळले असतील, पण सात-आठपर्यंत जीव होता.

सहाला मी जागा होतो. त्याच भिंतीला टेकून चहा पीत होतो.