चौथा उद्गार

ललित साळवे माणूस वाईट नव्हता, पण थोरला भाऊ चंदर समोर आला की त्याच्या पोटात दुखायचं. साठी उलटली, अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झाला, नातवंडं झाली, तरी दुखणं काही थांबलं नाही. असतात अशी माणसं. त्यांना स्वतःच्या ताटातलं गोड लागत नाही.

कारणही होतं म्हणा. शरणपूरकडच्या त्यांच्या चर्चच्या मंडळीत गुड फ्रायडेला बारा ते तीन उपासना चालते आणि येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. त्यातला चौथा, देवानं टाकून दिल्याच्या वेदनेचा, सगळ्यांत अवघड. तो वर्षानुवर्षं चंदरचा. चंदर बोलायला उभा राहिला की बाया पदर डोळ्यांना लावायच्या. ललितच्या वाट्याला काय, तर शेवटची प्रार्थना! तोवर लोकांचं लक्ष घड्याळाकडे. "दादाला देवानं जीभ दिली, मला नुसते कान," असं तो चारचौघांत हसून सांगायचा आणि घरी आल्यावर कोणाशी बोलायचा नाही.

मग चंदरला विस्मरणाचा आजार जडला. आधी नावं गेली, मग माणसं. सख्खा भाऊ पुढ्यात बसला तरी "हे कोण?" म्हणून तो बायकोला, मंगलाबाईंना विचारायचा. ललितला वाईट वाटलं का? वाटलं की. पण त्या वाईटाच्या तळाशी गुदगुल्याही होत होत्या, खोटं कशाला बोला.

यंदा चर्चच्या पाळकसाहेबांनी चौथा उद्गार ललितला दिला. गडी हरखून गेला. रोज आरशासमोर उभा राहून बोलायचा सराव करू लागला.

त्या दिवशी पांढराशुभ्र झब्बा घालून तो चर्चला पोचला, तर दारातच घोळका. लोक चंदरभोवती जमले होते. कोणी त्याचा हात हातात घेत होतं, कोणी त्याच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावत होतं. ज्याला स्वतःचं नाव धड सांगता येत नाही त्याचे एवढे लाड, आणि आज जो बोलणार त्याला कोणी 'या, बसा' म्हणेना. ललितच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हा दादा नाहीच आता, त्याला वाटलं. दादा केव्हाच गेला. मग ही माणसं मान देताहेत तो कोणाला?

मनातलं शेवटी ओठांवर आलंच. भाषण ऐन रंगात आलं होतं, लोक कान देऊन ऐकत होते, आणि ठरवलेलं नसताना तो बोलून गेला, "देवानं माणसाला आपल्या प्रतिरूपाचा केला म्हणजे काय केलं? विचार दिला, आठवण दिली. तीच काढून घेतली तर मागे राहतं काय? देवानं टाकलेलं नुसतं शरीर."

पहिल्या बाकावर मंगलाबाईंनी मान खाली घातली. पाळकसाहेब उगीचच चष्मा पुसू लागले. चंदर मात्र टक लावून ऐकत होता.

उपासना संपली. ललितजवळ कोणी फिरकलं नाही. मंगलाबाई नवऱ्याचा हात धरून तरातरा निघाल्या होत्या, पण चंदरनं हात सोडवून घेतला आणि तो ललितपाशी आला. ओळख काही पटली नव्हती. परक्याशी बोलावं तसा तो संकोचून म्हणाला, "छान बोललात तुम्ही. या मंडळीत नवे दिसता. माझं एक काम कराल?"

"सांगा ना," ललित कसाबसा म्हणाला.

"पाळकसाहेबांना सांगा, पुढच्या वर्षी हा उद्गार आमच्या ललितला द्या. धाकटा भाऊ माझा. मी दरवर्षी सांगतो, पण ते काही ऐकत नाहीत. त्याच्या मनाला फार लागतं हो. तो बोलून दाखवत नाही, पण मला कळतं. सांगाल ना?"

ललितनं मान हलवली. जन्मभर ज्याच्यावर जळला त्या माणसानं सगळं जग विसरूनही त्याचं तेवढं दुःख जपून ठेवलं होतं. त्याला चंदरच्या पाया पडावंसं वाटलं. पण मंगलाबाई बघत होत्या, आणि त्यांच्याकडे मान वर करून बघायचं धाडस त्याला होईना.