व्हर्नेल माफी मागत नाही

व्हर्नेल टब्जने चारचौघांत माफी मागावी, असं वॉट्स या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या तिच्या चर्चच्या मंडळींनी ठरवून टाकलं. नाहीतर गायकमंडळातली पुढची जागा गेली म्हणून समजायचं. रविवारच्या गाण्याची पहिली ओळ तरुणपणापासून व्हर्नेलच उचलत आली होती. ती जागा तिचा जीव की प्राण होती, म्हणून तर नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं.

गुन्हा तसा जुनाच. आपल्या दुकानात बायकांचे केस सरळ करता करता व्हर्नेल यमकं जुळवून चावट गोष्टी सांगायची. पुढे त्यांची रेकॉर्ड निघाली. दुकानदार ती खाकी कागदात गुंडाळून काउंटरखाली ठेवायचे, लोक पोरांना झोपवून पार्टीत लावायचे. चर्चमध्ये नाक मुरडणाऱ्यांच्या घरी ती जास्त झिजली, हे कुणी कबूल करणार नाही. वर्षं गेली, सगळे विसरले. आणि यंदा रॅप करणाऱ्या एका पोरीने व्हर्नेलचा तो आवाज जसाच्या तसा उचलून ठेक्यावर बसवला. यमक आधीपासूनच तालात होतं, पोरीला फार काही करावंच लागलं नाही. आता येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीतून व्हर्नेल बोलत होती.

बुधवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात सभा भरली. कारभार बघणारा डीकन ऑर्व्हिल पेटिग्रू टेपरेकॉर्डर घेऊन उभा राहिला. त्यात ती जुनी रेकॉर्ड भरून आणली होती.

"ऐका, आपल्या चर्चच्या भगिनी, सिस्टर व्हर्नेल, काय बरळतात ते!" म्हणत त्याने बटण दाबलं.

"बाहेर म्हणे मी वाघ आहे, गल्लीभर डरकाळी,
पलंगावर मांजर होऊन घोरतो संध्याकाळी!"

टेपमध्ये हशा उसळला. त्या सगळ्यावर एक हसू चढलं, किंचाळत सुरू होऊन शेवटी फुर्रकन नाकातून सुटणारं. म्हाताऱ्या एकमेकींकडे बघू लागल्या. असल्या रेकॉर्डी कुणाच्या तरी दिवाणखान्यातच भरल्या जायच्या. शेजारीपाजारी बोलवायचे, तळलेले मासे खिलवायचे, कारण समोर हसणारं माणूस नसेल तर यमक मेलंच. ऑर्व्हिल तेव्हा फौजेत, परदेशी. सोफ्यावर कोण बसलं होतं, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

"आई?" त्याच्या तोंडून निघून गेलं. त्याच्या आईला, मिस ल्यूटीला, जाऊन वर्षही झालं नव्हतं.

"मग कोण?" मागून म्हातारी अर्झेला ओरडली. "मासेपण तिनेच तळले होते!"

कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळं तळघर हसायला लागलं. व्हर्नेल मात्र हसली नाही. ती उठून पुढे आली.

"ऑर्व्हिल, नीट ऐक. आठवडाभर दुसऱ्यांच्या फरश्या पुसून तुझ्या आईची कंबर मोडायची. मालकिणीसमोर हूं की चूं नाही. माझ्या घरी येऊन ती अशी हसायची. त्याची माफी मागू मी? मेले तरी नाही मागणार. त्या रॅपवाल्या पोरीलाही मी निरोप धाडलाय, कुणी कितीही डोळे वटारू देत, खुशाल बोल म्हणावं. रविवारी मी माझ्या जागेवर उभी राहणार. हिंमत असेल तर सगळ्यांसमोर दंड धरून बाहेर काढ."

ऑर्व्हिल टेपकडेच बघत होता.

"रविवारी वेळेवर या, सिस्टर," तो कसाबसा म्हणाला. मग टेप मागे फिरवत त्याने हळूच विचारलं, "तेवढं... परत एकदा लावू?"

"लाव की," व्हर्नेल म्हणाली, "आणि आवाज वाढव."