सुनंदाताईंचे तुकडे आणि आमच्या दोन वाड्या

सुनंदाताई आणि मी एकाच गावचे, पण आमची ओळख देवरूखच्या महाविद्यालयात झाली. त्या संगणक शिकवीत, मी मराठी. एकदा शिक्षकांच्या खोलीत त्यांनी विचारले, "सर, कंपोनंटला मराठीत काय म्हणू?"

"घटक."

"नको. मुलं पाठ करतील, वापरणार नाहीत. 'तुकडा' म्हणते."

म्हणजे संकेतस्थळाचे सुटे भाग : निरोपाचा तुकडा, फोटोंचा तुकडा. एकदा तयार केला की हवा तिथे जोडायचा, असे काहीसे. आज ताई साठ वर्षांच्या होत आहेत आणि त्यांच्या कामाविषयी मी लिहावे, असा मंडळींचा आग्रह आहे. ते काम मला अजून नीटसे उमगलेले नाही, हे आधीच सांगतो.

गावातल्या दोन्ही वाड्यांना त्यांनी याच तुकड्यांतून संकेतस्थळे करून दिली. त्यांची बौद्धवाडी, आमची वरची वाडी. दोन्हीकडची निम्मी माणसे मुंबईला. त्यांचे गावाशी बोलणे राहावे, एवढाच हेतू. दोन्ही संकेतस्थळे हुबेहूब सारखी म्हणून आमचे पुढारी कुरकुरले. ताई म्हणाल्या, "तुकडे तेच आहेत. माणसं तुमची तुमची."

मग एका दुपारी माझे वडील, अण्णा, पडवीत घसरून पडले. वाडीत उचलू लागणारे कोणी दिसेना. मी आमच्या संकेतस्थळावर निरोप टाकला. थोड्याच वेळात बौद्धवाडीतले चौघे गाडी घेऊन दारात!

"गुरुजी, बाजूला व्हा. आधी अण्णांना उचलू."

यांना कळले कसे, हे विचारायचेही मला सुचले नाही.

अण्णा इस्पितळातून घरी आल्यावर ताई भेटायला आल्या, त्या ओशाळूनच. निरोपाचा तुकडा दोन्हीकडे जोडताना मध्ये भिंत घालायची राहून गेली होती, म्हणून माझा निरोप त्यांच्या वाडीतही पोचला होता.

"अहो, बरंच झालं की!" मी म्हणालो.

"नाही सर. तुमच्या घरातलं दुखणं तुम्हाला न विचारता बाहेर गेलं."

ज्या चुकीने अण्णा वाचले, तिच्याबद्दल क्षमा मागणाऱ्या बाईंना काय म्हणावे? मी तेव्हाही गोंधळलो होतो, आजही आहे.

ताईंनी भिंत घातली. पण आता निरोप पाठवताना पडद्यावर प्रश्न येतो : शेजारच्या वाडीलाही कळवू का?

अण्णा त्यांना म्हणाले, "माझं कायमचं होय धर गो बाय."

ताईंनी नकारार्थी मान हलवली. "तसं नाही अण्णा. दर वेळी विचारणार."

त्यांनी असेच विचारत राहावे. त्यासाठी त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि 'होय' म्हणायला आमच्या वाड्यांत माणसे असोत.