इंदूताई आणि न उकळलेली गाडी

लग्न होऊन नागपूरला धंतोलीच्या घरात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी सगळ्यांसाठी चहा केला. नव्या सुनेच्या हातचा पहिला चहा, म्हणून मंडळी कौतुकाने कप उचलत होती. माझ्या थोरल्या नणंदेने, इंदूताईंनी, मात्र पर्समधून काचेचा थर्मामीटर काढला आणि सरळ कपात बुडवला. मला वाटलं, झालं, आता माझ्या माहेरचा उद्धार! त्यांनी नळी डोळ्यांसमोर धरली आणि शांतपणे म्हणाल्या, "बाबू, पाच मिनिटं थांब. जीभ पोळन." बाबू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, माझे यजमान. त्यांनी ऐकलं नाही आणि पोळून घेतली.

ताई मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत. वर्गात त्यांची मराठी अगदी छापील, पण घरी रागात आणि लाडात शुद्ध वऱ्हाडी. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची कोणाची छाती नव्हती. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "पाह्यले गं दोन-तीन. तपासणीत टिकले नाही." "मोजल्याबिगर बोलू नका" हे त्यांचं पालुपद. दूधवाला त्यांना पाहिलं की आधीच "बाई, आज पाणी नाही" असं सांगून टाकायचा.

सासरे, म्हणजे अण्णा, गेले तेव्हा मागे एक काळी, जाडजूड विलायती गाडी ठेवून गेले. ती आधीपासून ताईच चालवत. साठच्या दशकात नागपुरात बाई गाडी चालवते म्हटल्यावर माणसं सायकल थांबवून बघत. त्याचं ताईंना काही नव्हतं. पण एका उन्हाळ्यात गाडी सारखी उकळायला लागली. एकदा तर बर्डीच्या बाजारात, भर चौकात, बॉनेटमधून वाफा सुटल्या आणि आठ माणसांनी गाडी ढकलत बाजूला नेली. त्या आठांत यांच्या ऑफिसचे दोघे निघाले. झालं! संध्याकाळी यांनी जाहीर केलं, "गाडी विकायची. शेजारचे डॉक्टर घ्यायला तयार आहेत."

 ताई नंतर स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसल्या. "सुमन, गाडी गेली की मले घराबाहेर पडाले कोणाले ना कोणाले विचारा लागन वं. कोण रिकामं आहे, कोण सोडून देते. पंधरा वर्षं झाली, मी कोणाले विचारलं नाही." त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं. 

दुसऱ्या दिवशी त्यांनी भावाला गाठलं. वैशाखात अमरावतीला यांच्या मामेबहिणीचं लग्न होतं. ताई म्हणाल्या, "नागपूर ते अमरावती. रस्त्यात बॉनेट उघडणार नाही, पाणी टाकणार नाही. उकळली तर तिथूनच डॉक्टरले तार कर. नाही उकळली, तर पुन्हा विकाचं नाव काढाचं नाही." हे हसले. वैशाखात, त्या गाडीने! लगेच कबूल झाले. साक्षीदार मी.

मिस्त्रीने बॉनेट उघडून दोन मिनिटांत निदान केलं. थर्मोस्टॅट अडकला होता. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधला तो एक छोटासा पितळी दरवाजा. पाणी गार असताना बंद राहायचा, तापलं की आपोआप उघडायचा. आता तो उघडतच नव्हता. "निकाल के फेको बाई," मिस्त्री म्हणाला. "नागपूर की गर्मी में इसका क्या काम? सबका निकाल दिया मैंने." खरंच, तेव्हा शहरातल्या निम्म्या गाड्यांतून ही वस्तू काढून फेकलेली असायची. ताई कडाडल्या, "दरवाजा अटकला म्हणून चौकटच रिकामी ठेवता का घराची? साहेबलोक वेडे होते का, इंजिनात फुकट बसवाले?"

मग आम्ही दोघी बर्डीवर गेलो. पार्टच्या दुकानातल्या भाऊंनी तीन चकचकीत डबे काढले. "बाई, एकदम ओरिजिनल. डब्बा तर पाहा."

"डब्बा इंजिनात बसवून राहिली का मी?" ताईंनी शेजारच्या चहावाल्याला हाक मारली. "भाऊ, स्टोव्ह अन् पाण्याचा गंज आण, अन् थोडं गार पाणी. चहापत्ती टाकू नको."

काउंटरवर स्टोव्ह आला, त्यावर पाण्याने भरलेला गंज, म्हणजे पातेलं. ताईंनी पर्समधून दोरा काढला, पहिला थर्मोस्टॅट पाण्यात लोंबकळत सोडला, बुडाला टेकू दिला नाही, बाजूला थर्मामीटर धरला. बघता बघता दुकानापुढे ही गर्दी! पाणी खळखळलं तरी पहिला तोंड उघडेना. गार पाणी ओतून दुसरा सोडला, तो कोमट पाण्यातच उघडला आणि गार पाण्यात टाकला तरी मिटेना. "याले जांभई आली," ताई म्हणाल्या, आणि एक टांगेवाला खो खो हसला. दुकानदाराचा चेहरा उतरला होता. तिसरा मात्र त्याच्यावर कोरलेल्या आकड्याला अगदी बरोबर उघडला, गार होताना हळूच मिटला. ताईंनी तीनदा उघडबंद करून पाहिला. तो घेतला. पुढे तोच दुकानदार गिऱ्हाइकांना सांगायचा म्हणे, "मास्तरीणबाईनं उकळून पाहिलेला माल आहे, डोळे मिटून न्या."

बसवला ताईंनीच. वरचे नट खोलले, सांध्यावर चिकटलेलं जुनं गॅस्केट खरवडून काढलं. खरवडायला माझी भाजीची सुरी नेली होती, ती पुन्हा भाजीच्या कामाची राहिली नाही. पाण्याचे रबरी पाइप दाबून पाहिले, एक फुगलेला होता तो बदलला. मग इंजिन सुरू करून वरच्या पाइपवर हात ठेवून उभ्या राहिल्या. गार, गार, गार, आणि एकदम चटका. "उघडला वं सुमन!" बाई अंगणात अक्षरशः नाचल्या.

लग्नाला निघायच्या दिवशी सकाळी मात्र रेडिएटरच्या झाकणाचं रबर चिरलेलं दिसलं. हे धावत गेले आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून एक लखलखीत झाकण घेऊन आले. ताईंनी अंगठ्याने दाबून पाहिलं. "आतली स्प्रिंग ढिली आहे बाबू. वाफ धरणार नाही हे."

"झाकणासारखं झाकण! आता याला पण उकळणार का? मुहूर्त चुकेल." 

बसवलं तेच. पुढे ताई आणि हे, नव्या कोऱ्या बुटांत. मागे मी आणि आहेराच्या पिशव्या. कोंढाळीपर्यंत सगळं छान. पुढे चढ लागला आणि मला तापल्या इंजिनाचा वास आला. ताईंच्या पुढ्यातल्या उष्णतेच्या तबकडीचा काटा वर सरकत होता. हे खिडकीबाहेर बघत गालातल्या गालात हसत होते.

तेवढ्यात ताई म्हणाल्या, "सुमन, ओव्या म्हण. मोठ्यानं."

"मी?" माझा गळा म्हणजे काय सांगू, पाळण्यातली मुलं जागी होतात.

"म्हण म्हटलं ना!"

मी सुरू केलं. आरशात ताईंची नजर दिसली, आणि मग त्यांचा डावा हात. तो हळूच खाली गेला आणि एक बटण ओढून आला. त्या विलायती गाडीत थंडीच्या दिवसांसाठी हीटर होता. इंजिनाचं गरम पाणी एका पेटीतून फिरायचं आणि पंखा ती धग चालवणाऱ्याच्या शेजारी बसलेल्या माणसाच्या पायांवर सोडायचा. पंखा घरघरायला लागला, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! मग काय, मी असा काही आवाज लावला की पंखाच काय, भोंगासुद्धा ऐकू आला नसता.

काटा थबकला. मग खाली उतरायला लागला. हे मात्र तापायला लागले. आधी कोट काढला, मग टोपी. "फार उकडतंय हो आज," म्हणाले. ताई रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, "वैशाख आहे बाबू." पाण्याची सगळी सुरई यांनी एकट्याने संपवली. पाय एकदा इकडे घेत, एकदा तिकडे. मी पुढचे साठेक मैल ओव्या म्हटल्या. संपल्या तशा पुन्हा पहिल्यापासून धरल्या.

अमरावतीला मांडवापुढे गाडी थांबली. यांनी उतरून बॉनेटकडे पाहिलं. वाफेचा एक धागा नव्हता. "हरलो," एवढंच म्हणाले आणि लंगडत आत गेले.

मी ताईंना कोपऱ्यात घेतलं. "ही लबाडी नाही का हो?"

"लबाडी काहून? पाणी उकळलं का? नाही. बॉनेट उघडलं का? नाही. गरमी कुठंतरी काढाच लागते. म्या बाबूच्या पायावर काढली." आणि आम्ही दोघी पदर तोंडात धरून हसलो.

त्यानंतर चौदा वर्षं ताई ती गाडी चालवत राहिल्या, कोणालाही न विचारता. शाळेच्या मुलींना घेऊन रामटेकला गेल्या, मला घेऊन थेट पचमढीला. शेवटच्या आजारात थोडे दिवस अंथरुणावर होत्या. नर्सने ताप पाहिला की म्हणायच्या, "आण इकडे, मी वाचतो." त्या गेल्या तेव्हा माझं माहेर दुसऱ्यांदा संपलं.

तेरावं झाल्यावर हे गाडीत जाऊन बसले होते, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर, आपल्या नेहमीच्या जागी. मी मागे जाऊन बसले. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मला आता ठेववेना. मी सगळं सांगून टाकलं. बटण, पंखा, ओव्या, सगळं.

"माहीत आहे मला," हे म्हणाले. "गाडी आली तेव्हा तिचं इंग्रजी पुस्तक अण्णांना मीच वाचून दाखवलं होतं. हीटरचं पान होतं त्यात."

"अहो, मग बोलला का नाहीत? फोड आले होते तुमच्या पायांना!"

 यांनी चष्मा काढून पुसला.

"बोललो असतो तर गाडी विकावी लागली असती ना, सुमन."